कस्टम लूपमधली नळी मुडपते ती उन्हाळ्यात: या चुका टाळा

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना नळीची घडी काय करते हे वेगळं सांगायला नको. लॅटरलचं, म्हणजे ओळीत पसरलेल्या ठिबक नळीचं, टोक बंद करायला तिथे कुणी व्हॉल्व्ह बसवत नाही. १६ मिलिमीटरची नळी दुमडायची, इंग्रजी आठच्या आकाराची कडी अडकवायची, पाणी थांबलं. कॉम्प्युटरच्या कस्टम लूपमध्ये, म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर स्वतः जोडून केलेल्या वॉटरकूलिंगमध्ये, आपण हाच उद्योग नकळत करून बसतो, आणि मग प्रोसेसरवर लावलेल्या थर्मल पेस्टला दोष देतो.

माझा पहिला लूप अकोल्यात, डिसेंबरात बांधलेला. सगळी वळणं गोल, देखणी. चार महिने काही तक्रार नाही. एप्रिलअखेर तासभर गेम चालला की प्रोसेसर तापू लागला. पंपाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) अगदी नेहमीसारखा. दोनदा ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ठोकळा) उघडून पेस्ट बदलली. शेवटी टॉर्च घेऊन आत पाहिलं तर ग्राफिक्स कार्डाकडून रेडिएटरला जाणारी नळी वळणावर चपटी झाली होती. मशीन बंद करून सकाळी पाहिलं, तर पुन्हा बऱ्यापैकी गोल!

तेव्हापासून थंड नळीवर मी विश्वास ठेवत नाही.

नळी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. त्यामुळे गोल काटछेद लंबगोल होतो, आणि लंबगोल नळी वाकायला आणखी सोपी असते. ब्रेझियर या संशोधकाने १९२७ साली पातळ नळकांड्यांसाठी हे गणित मांडलं. आपल्या कामाचा भाग एवढाच की नळी बराच वेळ तग धरते आणि मग एकदम बसते. पारदर्शक पीव्हीसी नळी मऊ असते ती त्यात घातलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे, आणि उष्णतेने ती आणखी मऊ पडते. मे महिन्यात खोलीत ४० अंश असतील आणि कूलंट त्याहून १० अंश वर असेल, तर नळीत ५० अंशांचं पाणी फिरतंय. डिसेंबरात जेमतेम निभावलेलं वळण इथे खचतं.

म्हणून पहिली चूक म्हणजे नळी खोलीच्या तापमानाला वाकवून ‘जमतंय’ म्हणणं. कापण्याआधी वीतभर तुकडा ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा आणि लगेच केसमध्ये ठरवलेल्या वळणाइतका वाकवा. लंबगोल दिसला तर ते वळण बाद. वळण किती तीव्र आहे हे मोजायला सोपं आहे: नळी जोडायच्या शेजारशेजारच्या दोन पोर्टांमध्ये ६० मिलिमीटर अंतर असेल आणि नळी थेट यू वळण घेणार असेल, तर त्रिज्या ३० मिलिमीटर.

दुसरी चूक दुकानातच होते. १०/१३ आणि १०/१६ (आतला आणि बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये) या दोन्ही नळ्यांचं आतलं भोक १० मिलिमीटरच, पण पहिलीची भिंत दीड मिलिमीटर आणि दुसरीची तीन. बारीक नळी नाजूक दिसते, लहान केसमध्ये सुटसुटीत वाटते, म्हणून नवखे तीच उचलतात. सॉफ्ट ट्यूबिंगचा, म्हणजे मऊ नळीचा, पहिला लूप असेल तर माझं मत सरळ आहे: १०/१६ घ्या. मात्र कॉम्प्रेशन फिटिंगही (कॉलर आवळून नळी पोर्टला बसवायच्या जोडण्या) त्याच मापाची लागतात, १०/१३ ची चालत नाहीत. रंगीत पाणी दिसायचा हट्ट नसेल तर काळी ईपीडीएम रबराची नळी आणखी बरी. गरम झाल्यावर ती पीव्हीसीइतकी ढिली पडत नाही, आणि प्लॅस्टिसायझर सुटून ब्लॉकच्या आतल्या बारीक फिन्समध्ये (पात्यांमध्ये) चिकट थर बसायची भानगडही नाही.

आता जोडणी. इथे हात सगळ्यात जास्त चुकतात.

नळी गुंडाळी करून येते, त्यामुळे तिला स्वतःचा एक बाक असतो. वळण त्या बाकाच्या दिशेने घेतलं तर नळी आपणहून साथ देते. उलट्या दिशेने घेतलं की ती कायम झगडत राहते आणि गरम झाली की हार मानते. टेबलावर तुकडा मोकळा ठेवा, तो कुठे वळतो ते बघा, मग जोडा.

पीळ मात्र डोळ्यांना दिसत नाही. फिटिंगचा कॉलर आवळताना नळीही त्याच्यासोबत फिरते, आणि पीळ पडलेली नळी साध्या वळणावरही मुडपते. आवळण्याआधी नळीवर लांबीच्या दिशेने मार्करने सरळ रेघ मारा. आवळून झाल्यावर रेघ स्क्रूच्या आट्यांसारखी फिरलेली दिसली तर सोडवा आणि एका हाताने नळी घट्ट धरून पुन्हा आवळा. खटाटोप वाटेल, पण पारदर्शक नळीवर दुसरी युक्ती मला सापडलेली नाही. रेघ नंतर पुसता येते.

नळी आखूड कापली तर वळण कडक होतं, हे सगळ्यांना कळतं. लांब ठेवली तरी बिघडतं. जास्तीचा झोळ गरम झाल्यावर पाण्याच्या वजनाने खाली बसतो आणि फिटिंगच्या अगदी तोंडाशी घडी पडते. कापण्याआधी ग्राफिक्स कार्ड आणि रेडिएटर अखेरच्या जागी बसलेले हवेत, आणि काचेचं पॅनेल एकदा लावून पाहिलेलं हवं. उघड्या केसमध्ये छान दिसणारी कमान पॅनेल लावताच दाबली गेल्याचं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

४५ आणि ९० अंशांच्या कोनात वळलेल्या फिटिंगना लोक उगाच घाबरतात, प्रवाह कमी होईल म्हणून. थोडा होतोही. पण नळीचा काटछेद एका जागी निम्मा झाला तर तिथे पाण्याचा वेग दुप्पट आणि दाबाचा तोटा सुमारे चौपट होतो. डी५ सारखा पंप दोन-चार अँगल फिटिंग सहज रेटतो. जिथे नळीला जबरदस्ती करावी लागते तिथे फिरणारं ९० अंशी फिटिंग लावा आणि विषय संपवा. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी तर शक्य तितकी आखूड आणि सरळच ठेवा. तिथे दाब कमी असतो, त्यामुळे मुडपायला आलेली नळी आणखी चपटी होते आणि पंप कुरकुरू लागतो.

संशय आला तर तपासायचं कसं? आरपीएमवर भिस्त नको, पाणी अडलं तरी पंप फिरतच राहतो. कूलंटचं तापमान नेहमीसारखं आणि प्रोसेसर मात्र भडकलेला, असं असेल तर प्रवाह अडलाय किंवा ब्लॉक नीट बसलेला नाही. थोडीशी चपटी नळी आकड्यांत दिसतच नाही, आणि तीच फसवते. ४०० वॅट उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर प्रवाह असताना पाणी एका फेरीत जेमतेम दीड अंश तापतं. प्रवाह १ लिटरवर आला की तेच पावणेसहा अंश. मधल्या टप्प्यात मशीन काही बोलत नाही.

गळती तपासताना एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) २४ पिन कनेक्टरवर हिरवी आणि काळी वायर जोडून फक्त पंप चालवतात, ते बरोबरच आहे. पण ती चाचणी थंड पाण्यावर होते, मुडप त्यात सापडत नाही. लूप भरून हवा निघाली की पॅनेल लावून तासभर पूर्ण लोड द्या आणि मग टॉर्च मारून एकेक वळण बघा.

घडी पडलेल्या पीव्हीसीवर अनेकदा पांढरट रेघ उरते. हेअर ड्रायरने ती नळी गोल करता येते, टिकत मात्र नाही, पुढच्या वेळी तिथेच मुडपते. नळीवर चढवायची स्प्रिंग मिळते, पण ती निरोगी नळीसाठी. शिवाय दुसरं टोक फिटिंगमध्ये आवळण्याआधी चढवावी लागते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा लूपमध्ये पाणी भरून झालं होतं.