एक्सचेंजचं कमिशन कसं काढायचं, लगाई-खाईचा हिशोब

पानठेल्यावर ज्याले-त्याले वाटते का बेटिंग एक्सचेंजवाला, म्हणजे लोकाईले आपसात पैज लावू देणारी साईट, हरेक सौद्यावर पाच टक्के कापते. तसं नाही राजेहो. तो कापते फक्त जिंकलेल्या पैशावर, अन् तेबी एका मार्केटमधी, म्हणजे एकाच प्रश्नावरच्या सौद्यात (जसं मॅच कोण जिंकते), तुमचं सगळं जोडून-वजा करून जे उरलं त्याच्यावर. अडत्या कापसाच्या पूर्ण बिलावर अडत धरते, इथं हरले तं कमिशन शून्य.

अन् हो, आपल्या देशात हे बंद आहे, 2025 च्या ऑगस्टमधी केंद्राचा ऑनलाईन गेमिंगचा कायदा झाला, पैसे लावायचे सारेच गेम त्यात आले. खेळा म्हणून नाही सांगून राह्यलो. खालचा हिशोब इंग्लंडातल्या एक्सचेंजचा, रुपये फक्त समजायले.

समजा भाव 2.10, म्हणजे एका रुपयाले लावलेला रुपया धरून 2.10 परत, आपल्याकडच्या बोलीत एक रुपया दहा पैसे. टीम जिंकन म्हणून 1000 लावले (ही लगाई), टीम जिंकली, नफा 1100. बेटफेअरचा जुना नेहमीचा दर 5 टक्के, म्हणून 55 गेले, हाती 1045. म्हणजे खरा भाव 2.045 च भेटला. स्मार्केट्सवर 2 टक्के, तिथं 22 च जातात. खाई केली, म्हणजे टीम जिंकणार नाही म्हणून समोरच्याचे 1000 घेतले, तं उलटं, टीम जिंकली का 1100 तुमच्या खिशातून, हरली तं 1000 मिळाले अन् त्यातून 50 गेले.

आता गंमत पाहा. 2.10 वर 1000 लावले, मंग भाव 1.80 झाल्यावर तेवढीच खाई केली. टीम जिंकली तं 1100 मधून 800 वजा, 300 उरले, कमिशन फक्त 15, अन् टीम हरली तं हिशोब बरोबर, ना घेणं ना देणं. पण हेच दोन वेगळ्या मार्केटमधी केलं, मॅचवर 1000 जिंकले अन् टॉसवर 1000 हरले, तं तो टॉसचा तोटा मॅचच्या नफ्यातून वजा नाही होत, 50 कापले म्हणजे कापले, बरोबरीत राहूनही खिशातून 50 गेले. लोकं इथंच फसतात.

2.00 च्या भावात 5 टक्क्यानं 100 पैकी 52 वेळा जिंकावं लागते तेव्हा कुठं दोन पैसे सुटतात. अन् जो सतत जिंकते त्याच्यावर बेटफेअरनं 2008 मधी प्रीमियम चार्ज, म्हणजे कमिशनच्या वरचा जास्तीचा आकार, लावला, 2011 मधी काही लोकाईसाठी तो नफ्याच्या 60 टक्क्यांपर्यंत नेला, घ्या!

गावातला आयडीवाला, म्हणजे सट्ट्याच्या साईटची आयडी देणारा बुकी, म्हणते, भाऊ आपल्याकडं झिरो कमिशन. त्याचा भाव पाहा ना बे, दोन्ही टीमवर 90-90 पैसे. 1 रुपया परत यायले किती लावा लागते, तर 1 ले 1.90 नं भागा, येते 0.526, दोन्हीकडचं जोडलं का 1.052. दोन्हीकडं सारखे पैसे लागले तं हे एकाच्या वरचं 0.052 त्याचंच आहे, कोणीबी जिंको.