सवाईला पहिल्यांदा येताय? या चुका टाळा

संध्याकाळी सहाला आतेभावाचा फोन आला. नागपूरहून खास सवाईसाठी, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व भीमसेन या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवासाठी आलेला. "अगं, इथे तर चिटपाखरू नाही. गाणं आहे ना आज?" म्हटलं, उभा कुठे आहेस? तर गणेशखिंड रस्त्यावर, सवाई गंधर्व स्मारकाच्या दारात. मोबाइलच्या नकाशात 'सवाई गंधर्व' एवढंच टाकलं आणि रिक्षात बसला. महोत्सव पार दुसऱ्या टोकाला, मुकुंदनगरात. तो मांडवात पोचेपर्यंत दोन कलाकार गाऊन गेले होते.

पहिली चूक ही, आणि ती वाटते तितकी दुर्मीळ नाही. जुनी माणसं अजूनही रिक्षावाल्याला 'रमणबाग' सांगतात. शनिवार पेठेतल्या त्या शाळेच्या मैदानावर महोत्सव वर्षानुवर्षं झाला खरा, पण २०१८ पासून तो मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात असतो. स्वारगेटहून तिथे चालत वीस-पंचवीस मिनिटं. स्मारकालाही जा, पण सकाळी. महोत्सवाच्या दिवसांत तिथे 'षड्ज'मध्ये संगीतावरचे लघुपट दाखवतात आणि 'अंतरंग'मध्ये कलाकारांच्या मुलाखती होतात. कार्यक्रमपत्रिकेत वेळ बघून घ्या.

तारखांचं तसंच. 'डिसेंबरचा दुसरा आठवडा' असं गृहीत धरून लोक रेल्वेचं आरक्षण करून मोकळे होतात. २०२३ मध्ये महोत्सव १३ ते १७ डिसेंबरला होता, २०२४ मध्ये १८ ते २२. एवढा फरक पडतो. महोत्सव भरवणाऱ्या आर्य संगीत प्रसारक मंडळाने तारखा जाहीर केल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि जाहीर झाल्या की राहायच्या जागेला उशीर करू नका. लग्नसराई त्याच दिवसांत असते. जागा स्वारगेट किंवा टिळक रस्त्याच्या आसपास बघा. लांबची स्वस्त खोली रात्रीच्या रिक्षात महाग पडते.

आता मुद्द्याची चूक. 'शेवटी अमुक बुवा आहेत ना, मग आठपर्यंत पोचू.' मुंबईची मंडळी हे हमखास करतात. ५.१० ची डेक्कन क्वीन धरायची, ८.२५ ला पुणे स्टेशन, तिथून मुकुंदनगर. म्हणजे बूड टेकेपर्यंत नऊ. आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद! रात्री दहाचा नियम आहे, बाराची सवलत एखाद्याच दिवशी, बहुधा शनिवारी. आधीच्या कलाकारांचं थोडंथोडं लांबत गेलं की कात्री लागते ती शेवटच्याच्या वेळेला. म्हणजे ज्यांच्यासाठी धावत आलात, त्यांचंच गाणं आखडतं.

महोत्सव रात्रभर चालायचा त्याच्या आठवणी काढून हळहळणारे पुण्यात पुष्कळ आहेत. मीही त्यातलीच. पहाटेचा गारठा, थर्मासमधला चहा आणि शेवटच्या सकाळी पंडित भीमसेन जोशींचं गाणं. ते आता नाही. पण वेळ बदलल्याने एक गोष्ट पदरात पडली, तिकडे फार कोणाचं लक्ष जात नाही. आता बहुतेक दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमाराला सुरुवात होते आणि रविवारी तर बाराला. त्यामुळे भीमपलासी, मुलतानी, पटदीप हे दुपारचे राग त्यांच्या खऱ्या वेळेला ऐकायला मिळतात. रात्री सुरू होणाऱ्या मैफलीत ते फारसे वाट्याला यायचे नाहीत. मांडवाच्या कडेने ऊन तिरपं आत आलंय, निम्म्या सतरंज्या रिकाम्या आहेत आणि एखादी तरुण गायिका मुलतानीचा कोमल गंधार जीव लावून आळवते आहे, अशी दुपार मिळाली तर तिकिटाचे पैसे तिथेच वसूल. सूर्य कलला की मारवा, पूरिया, श्री. तेव्हा पहिल्या गायकापासून येऊन बसा. सवाईला गाणं ऐकायला जायचं हे खरं, पण त्याआधी तिथे बसायला जायचं असतं. पाच दिवस जमत नसेल तर दोनच दिवस या, पण पूर्ण या.

आणि बसायचं म्हटलं की गुडघे आलेच. भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त, वातावरणही तिथेच खरं. पण सहा-सात तास मांडी घालून बसायची सवय आपल्यापैकी कितीजणांना उरली आहे? पाठीचं दुखणं असेल तर शौर्य न दाखवता खुर्ची घ्या. बैठकीत बसणार असाल तर शालीपेक्षा जाड चटई किंवा उशी महत्त्वाची. डिसेंबरात पुण्याचा पारा रात्री दहा-बारा अंशांवर येतो, वर मांडव असला तरी खाली मैदान. थंडी वरून नाही, खालून येते. पायमोजे आणा. दुपारी तीनला कडक ऊन असतं म्हणून नुसत्या कुडत्यावर येणारे नऊ वाजता शेजाऱ्याच्या शालीकडे बघत बसतात.

जागा धरायला पंचा पसरून तासभर गायब होणं हा आमच्या पुणेकरांचा जुना रोग. तुम्ही लावून घेऊ नका.

मांडवातले काही संकेत कोणी पाटीवर लिहीत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल रंगात असताना उठू नये. राग संपला की उठावं. तबल्याच्या एकलवादनाला 'चला, तेवढ्यात वडा खाऊन येऊ' म्हणणारे पुष्कळ आहेत, तेवढं पाप टाळा. दाद मोकळेपणाने द्या, पण तालाला टाळ्यांचा ठेका धरू नका, कलाकाराचं लक्ष विचलित होतं. वाद्यं जुळवणं चालू असताना मोठ्याने गप्पा नकोत. मोबाइल उंच धरून चित्रण तर नकोच. मागच्या माणसाला गाणाऱ्या बुवांऐवजी तुमचा उजळलेला पडदा दिसतो.

गाडी आणू नका. मुकुंदनगर ही वस्ती आहे, गल्ल्या भरलेल्या असतात. मेट्रो आता थेट स्वारगेटपर्यंत येते. पुणे स्टेशनवरून येणाऱ्यांनी सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. परतीच्या शेवटच्या मेट्रोची वेळ मात्र आधीच बघून ठेवा, शनिवारी तर नक्कीच. रात्री दहाला अख्खा मांडव एकदम बाहेर पडतो आणि फाटकासमोर रिक्षा मिळवणं म्हणजे लॉटरी. स्वारगेटच्या दिशेने चालू लागा, वाटेत मिळून जाते. नाही मिळाली तरी डोक्यात गाणं चालू असतं, रस्ता कळत नाही.

शेवटची चूक रविवारची. समारोपाचं गायन संपलं की अर्धे लोक चपला शोधायला धावतात. थांबा. १९५३ मध्ये भीमसेनजींनी हा उत्सव सुरू केला तो आदल्या वर्षी गेलेल्या गुरूंच्या स्मरणासाठी. त्या गुरूंचा, सवाई गंधर्वांचा, ध्वनिमुद्रिकेतला आवाज सगळ्यात शेवटी मांडवात लावतात. मुद्रण जुनं आहे, खरखरतं, काही मिनिटांचंच. त्यासाठी रविवार रात्रीच्या बसचं तिकीट काढू नका. सोमवारी सकाळी सव्वासातला डेक्कन क्वीन आहेच.