ट्रकचा फीड पंप बदलताना या चुका टाळा

भिवंडीहून माल भरून नाशिककडे निघालेली माझी गाडी कसारा घाटाच्या मध्यावर दम टाकू लागली. सपाटीला बरी पळत होती, पण चढ लागला की ओढच कमी. ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी इंजिन आवाज चढवेना. कशीबशी इगतपुरी गाठली. तिथे एकाने नुसतं वर्णन ऐकून "फीड पंप गेला" असं सांगितलं आणि तासाभरात नवा पंप बसवून दिला. घोटी ओलांडली, एक छोटा चढ आला आणि गाडी पुन्हा तशीच. नाशिकला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी पंपाला हातही लावला नाही. टाकीकडून येणारा रबरी पाइप त्यांनी क्लिपजवळ वाकवला आणि केसासारखी चीर दाखवली. "शेठ, जुना पंप चांगलाच होता. हा पाइप हवा खातोय."

त्या दिवशी पंपाचे पैसे गेले, भाडं उशिरा पोचलं आणि चांगला पंप भंगारात गेला. म्हणून सुरुवात याच चुकीपासून करतो. माझ्या पाहण्यात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे.

पंप गेला हे सिद्ध न करताच बदलणे

आधी नावांचा घोळ मिटवू. गाडीत डिझेलचे दोन पंप असतात. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलतो तो फीड पंप. त्याचा दाब एक-दोन बारच्या आसपास असतो. फिल्टरमधून आलेलं डिझेल मोठ्या दाबाने नोझलकडे पाठवतो तो मेन पंप, ज्याला बरेच जण नुसतं "डिझेल पंप" म्हणतात. हा लेख फीड पंपाबद्दल आहे, आणि तोही मुख्यतः जुन्या इनलाइन मेन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरसाठी एका रांगेत वेगळा प्लंजर असलेल्या) गाड्यांवरचा. मेन पंप रस्त्यावर उघडायची वस्तू नाही. त्याचं टायमिंग आणि कॅलिब्रेशन टेस्ट बेंचवरच व्हायला हवं.

फीड पंप ओढणारा आहे, हे लक्षात ठेवलं की निम्मं निदान घरबसल्या होतं. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा दिसतो म्हणून तो चांगला आहे असं वाटतं आणि दोष पंपावर येतो. पंपाच्या पुढचा पाइप फुटला तर मात्र डिझेल दिसतंच.

तपास असा करतो. आधी टाकीचं झाकण उघडून बघतो. उघडताना सुस्कारा आल्यासारखी हवा आत गेली तर झाकणाचं भोक चोंदलेलं आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि कितीही चांगला पंप लावला तरी डिझेल येत नाही. मग पंपावरचा हॅण्ड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा छोटा दांडा, मारून बघतो. दांडा वर ओढताना जड जात असेल आणि सोडल्यावर खाली खेचला जात असेल तर टाकीकडची बाजू तुंबली आहे. टाकीतली जाळी, पंपाच्या तोंडावरची जाळी किंवा आतून फुगलेला पाइप, या तिघांपैकी काहीतरी असतं. फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) ढिला करूनही दांडा खाली दाबताना दगडासारखा लागत असेल तर फिल्टर किंवा तिथपर्यंतची वाट बंद आहे. आणि दांडा दोन्हीकडे पोकळ, निर्जीव हलत असेल तर हवा तरी आहे किंवा पंपाचे व्हॉल्व्ह तरी बसत नाहीत.

हवा की व्हॉल्व्ह, हे ओळखायला मिस्त्रींची जुनी युक्ती वापरतो. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्यायचं, नव्या पारदर्शक पाइपाने ते थेट पंपाच्या तोंडाला जोडायचं आणि गाडी चालू करायची. गाडी नीट चालली तर पंप निर्दोष, भानगड टाकी आणि पाइपात आहे. पाइपात बुडबुडे नाहीत आणि तरीही गाडी ओढत नसेल, तर फिल्टर नवा आहे याची खात्री करून मगच पंपाकडे बोट दाखवायचं.

एक लक्षण मात्र थेट पंपाचं असू शकतं, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. इंजिन ऑइलची पातळी न भरता वाढली, ऑइल पातळ झालं आणि त्याला डिझेलचा वास येऊ लागला, तर फीड पंपाच्या आतल्या दांड्याचं (प्रायमरचा नव्हे, फिरता कॅम ज्याला ढकलतो त्या दांड्याचं) सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी. डिझेल तिथून झिरपून ऑइलमध्ये उतरतं. अशी गाडी "पुढच्या फेरीनंतर बघू" म्हणून पळवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात आणि मग खर्च पंपाचा राहत नाही, अख्ख्या इंजिनाचा होतो.

आणखी एक. पंप खरंच बिघडलेला असला तरी पुष्कळदा किटवर काम भागतं. व्हॉल्व्ह, स्प्रिंग, ओ-रिंग आणि वॉशर बदलले की पंप पुन्हा उभा राहतो. दांडा आणि त्याचं भोक झिजलं असेल तर मात्र किट घालून उपयोग नाही, पूर्ण पंपच घ्यावा.

गाडीचं मॉडेल सांगून पंप मागणे

दुकानात जाऊन "अमुक टनाच्या गाडीचा फीड पंप द्या" असं सांगितलं की दुकानदार डबा काढून देतो, पण तो तुमच्या इंजिनाचा असेलच असं नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार इंजिन बदललेलं असतं. टाटा ४०७ चंच घ्या. ही गाडी १९८६ पासून रस्त्यावर आहे आणि तेव्हापासून तिची इंजिनं अनेकदा बदलली आहेत. वर्षावरून अंदाज बांधणंही फसतं. धुराच्या प्रदूषणाचा बीएस-४ नियम देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, तेव्हा पुष्कळांनी धरून चाललं की त्यानंतरची प्रत्येक मोठी गाडी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच सामायिक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारी. पण अशोक लेलँडने आयईजीआर तंत्र (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवण्याचं) वापरून बीएस-४ मध्येही इनलाइन पंप चालू ठेवला होता. म्हणून वर्ष नाही, मॉडेल नाही, जुन्या पंपाच्या अंगावरचा नंबर वाचायचा.

बॉशच्या पंपावर दहा अंक-अक्षरांचा नंबर असतो. (जुने मिस्त्री अजून "मायको" म्हणतात. १९५१ साली सुरू झालेल्या मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण गॅरेजच्या तोंडातून ते जात नाही.) काळं पडलेलं अंग डिझेलने धुऊन, ब्रशने घासून नंबरचा फोटो काढा. नंबर पुसला असेल तर इंजिन नंबर आणि मेन पंपाच्या पाटीचा फोटो, दोन्ही न्या. शक्य असेल तर जुना पंपच पिशवीत घालून न्या.

काउंटरवर दोन्ही पंप शेजारी ठेवा. फ्लँजची (पंप नटांनी बसवायच्या कडेची) भोकं, कॅमला टेकणाऱ्या दांड्याची लांबी, दोन्ही तोंडांचे आटे, प्रायमर कोणत्या बाजूला आहे, सगळं जुळलं पाहिजे. दांडा दोन-चार मिलिमीटर आखूड असला तर पंप बसतो, नट आवळले जातात, गाडीही चालू होते, पण स्ट्रोक (दांड्याची पुढे-मागे हालचाल) पुरा पडत नाही आणि भरल्या गाडीला घाटात डिझेल कमी पडतं. लांब असला तर कॅमवर दाबला जाऊन काहीतरी तुटतं. शिवाय काही मोठ्या इंजिनांना दोन्ही बाजूंनी डिझेल ढकलणारा फीड पंप असतो. बाहेरून तो साध्यासारखाच दिसू शकतो, पण साधा त्याची जागा घेऊ शकत नाही.

"सोपा बसणारा पंप" याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच आहे: जुन्याच्या जागी, जुन्याच पाइपांनिशी, काहीही न घासता बसणारा. दुकानदार "थोडं कानस मारा, बसेल" किंवा "दोन पॅकिंग लावा" म्हणाला तर तो पंप तुमचा नाही. दुहेरी पॅकिंगने पंप कॅमपासून लांब जातो आणि स्ट्रोक चोरला जातो. स्वस्तात मिळालेला असा पंप कुठल्या तरी घाटात दुसऱ्यांदा उतरवावा लागतो. पक्कं बिल घ्या, आणि नव्या पंपावर गाडी आठवडाभर नीट चालेपर्यंत जुना पंप भंगारात देऊ नका.

इलेक्ट्रिक पंपाचा शॉर्टकट

"मेकॅनिकल पंपाची कटकटच नको, चेसिसवर इलेक्ट्रिक पंप लावा, दोन वायरी की काम झालं." हे ऐकायला सोपं वाटतं. पण छोट्या गाडीचा १२ व्होल्टचा पंप २४ व्होल्टच्या ट्रकला लावला की जळतो. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीचा पंप वेगळ्या दाबाचा असतो. आणि इंजिन बंद पडलं, अपघात झाला, तरी चावी चालू असेतोवर असा पंप डिझेल ढकलत राहतो. मूळ गाडीत इलेक्ट्रिक पंप असेल तर तोच, त्याच नंबरचा घ्या, आणि तो बदलण्याआधी फ्यूज, रिले आणि पंपाच्या सॉकेटवर येणारा व्होल्टेज मीटरने तपासा.

कॉमन रेलच्या गाडीत तर फीड पंप पुष्कळदा हाय प्रेशर पंपाच्या पाठीशीच असतो. तिथे रेलमध्ये हजार बारहून खूप वर दाब असतो. चालू इंजिनावर पाइप ढिला करून "डिझेल येतंय का" बघण्याची जुनी सवय तिथे जीवघेणी आहे. ती धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला रुग्णालय गाठा. या गाड्यांचं काम स्कॅनर असलेल्या माणसाकडेच द्या.

बसवताना होणाऱ्या चुका

पाइप सोडण्याआधी कोणता टाकीचा आणि कोणता फिल्टरचा, याला रंगीत टेप लावा. दोन्ही तोंडांचे आटे सारखे असले की पाइप उलटे लागतात आणि माणूस तासभर प्रायमर मारत बसतो.

पंपाभोवतीची जागा आधी धुवा. उघड्या तोंडातून गेलेला मातीचा कण मेन पंपात आणि नोझलपर्यंत जातो. पाइपांची तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा. सुती चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत राहतात.

तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे, बोल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक. जुना वॉशर दबून कडक झालेला असतो, तो सील धरत नाही, मग मिस्त्री बोल्ट जास्त आवळतो आणि आटे जातात. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे डिझेलमध्ये उतरतात.

पंप जागेवर ठेवताना दांडा कॅमच्या उंचवट्यावर आला असेल तर स्प्रिंगच्या जोराने फ्लँज बसत नाही. तेव्हा एक नट पूर्ण आवळून दुसऱ्याने ओढायचा मोह होतो आणि फ्लँजचा कान तुटतो. इंजिन हाताने थोडं फिरवा, दांडा सैल होईल, मग सगळे नट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा.

शेवटी हवा काढणं. घाई इथेच होते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून प्रायमर मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा, थांबल्यावर नाही. मग मेन पंपावरच्या स्क्रूवर तेच पुन्हा करा. नंतरच सेल्फ मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती देऊन. हवा न काढता सेल्फवर सेल्फ मारला तर बॅटरी उतरते आणि स्टार्टर तापून जळतो.

गाडी चालू झाल्यावर दहा मिनिटं उभी ठेवा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून बघा. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा. माझ्या केबिनच्या पेटीत आता एक नवा फिल्टर, सहा तांब्याचे वॉशर, दोन क्लिपा आणि दीड मीटर डिझेलचा पाइप कायम असतो. कसाऱ्याच्या त्या दिवशी यातला एक पाइप आणि दोन क्लिपा पुरल्या असत्या.