खिम्याचे कॅसरोल : या चुका टाळा

आपल्याकडे कॅसरोल म्हटले की पोळ्या गरम ठेवण्याचा डबा डोळ्यांसमोर येतो. येथे अभिप्रेत आहे तो खिमा, पास्ता किंवा बटाटे, सॉस आणि चीज यांचे थर पसरट भांड्यात लावून ओव्हनमध्ये भाजलेला आणि त्याच भांड्यातून ताटात वाढला जाणारा अमेरिकी पदार्थ. मूळ कृतीत गोमांसाचा खिमा असतो. मध्य प्रदेशात २००४ च्या गोवंश वध प्रतिषेध कायद्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तो तसाही शिजला नसता. आपण बोकडाचा खिमा घेतो, आणि नेमके येथेच बिनसते. कारण मांस बदलले तरी पाणी, चरबी आणि वेळ यांचा हिशेब आपण मूळ कृतीचाच ठेवतो.

पहिली चूक खिमा धुण्याची. मांस धुतल्याशिवाय आपल्या घरांत पातेल्यात पडत नाही, आणि ती सवय सोडा असे मी म्हणणार नाही. परंतु एकदा बारीक झालेला खिमा पाणी स्पंजासारखा धरून ठेवतो. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या आमच्या घरी पहिल्या प्रयत्नात मी तो तीन पाण्यांनी धुतला, आणि तासाभराने ओव्हनमधून जे बाहेर आले ते आम्ही पोळी बुडवून रस्सा म्हणून खाल्ले. त्यापेक्षा खाटकाला आधी मांसाचे तुकडे धुऊन, निथळून मग खिमा करून द्यायला सांगावे. ते न जमल्यास धुतलेला खिमा किमान वीस मिनिटे चाळणीत ठेवून हाताने हलकेच दाबून घ्यावा. परततानाही जाड बुडाची, रुंद कढई चांगली तापवून खिमा दोन वेळा करून घालावा आणि मीठ तो तांबूस झाल्यावरच टाकावे. सगळा खिमा एकदम, मिठासह लहान पातेल्यात घातला, तर तो स्वतःच्याच पाण्यात उकडतो, राखाडी पडतो आणि परतल्याचा खमंगपणा त्याला पुढे कितीही मसाला घातला तरी येत नाही.

दुसरी गोष्ट चरबीची. गोमांसाच्या खिम्यात बहुधा १५ ते २० टक्के चरबी असते, म्हणून मूळ कृतीत दहा मिनिटे परतून सुटलेली चरबी ओतून टाकायला सांगतात. बोकडाचा खिमा मुळात कोरडा असतो. त्याला सुटते ते मुख्यतः पाणी, आणि ते ओतून दिले तर चवही त्याबरोबरच जाते. तेव्हा ५०० ग्रॅम खिम्याला तीन टेबलस्पून तेल घालावे आणि सुटलेले पाणी मोठ्या आचेवर आटवावे. शिवाय हे मांस अधिक चिवट असल्यामुळे दहा मिनिटांत ते मऊ होत नाही. परतून झाल्यावर अर्धी वाटी पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या घ्याव्यात आणि उरलेले पाणी पुन्हा आटवावे. ओव्हनमध्ये पुढे शिजेलच, अशी आशा कोणी धरू नये. ओव्हनचे काम थर एकजीव करण्याचे आणि वरचे चीज खरपूस करण्याचे असते.

मूळ कृतींत सॉसच्या जागी डब्यातले घट्ट मशरूम सूप असते, जे कॅम्पबेल कंपनीने १९३४ मध्ये बाजारात आणले. आपल्याकडे त्याऐवजी पाकिटातल्या सुपाची पूड पाण्यात कालवतात, आणि ती पातळही पडते व खारटही. घरचा पांढरा सॉस दहा मिनिटांत होतो : तीन टेबलस्पून लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर, रंग न बदलू देता परतावा आणि ४०० मिलिलिटर दूध थोडेथोडे घालत ढवळावे. गुठळ्या झाल्याच, तर गाळून घ्यावे. खिम्यात टोमॅटो घालणार असाल तर तो तेल सुटेपर्यंत शिजवावा. कच्च्या टोमॅटोच्या आंबटपणाने दूध फाटू शकते.

पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे आधी काढावा. बटाटे मात्र पूर्ण उकडूनच काप करावेत.

ओव्हनच्या बाबतीत आकडे फसवतात. अमेरिकी कृतीतले ३५० अंश फॅरनहाइटमध्ये असतात, म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सियस. हे ध्यानात न घेता ओटीजीचा, म्हणजे विजेवरच्या लहान घरगुती ओव्हनचा, खटका शेवटपर्यंत फिरवला, तर वरचे चीज काळे होते आणि मध्यभाग कोमटच राहतो. त्या कृतींतले ९ बाय १३ इंचांचे भांडेही आपल्या लहान ओटीजीत मावत नाही. चार माणसांसाठी आठ इंची चौकोनी भांडे पुरते, मात्र भोवती हवा खेळायला जागा हवी. पंचवीस मिनिटांपैकी चीज शेवटच्या दहा मिनिटांतच पसरावे. प्रोसेस्ड चीजला मोझरेलासारखी तार सुटत नाही, तो दोष तुमचा नव्हे. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून मगच कापावे, नाहीतर थर घसरतात.

आदल्या रात्री थर लावून ठेवणे सोयीचे असते. पण फ्रीजमधले गार काचेचे भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्यास तडकते. ते अर्धा तास आधी बाहेर काढावे. उरलेले जेवण जानेवारीच्या थंडीत दोन तासांच्या आत आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात तासाभरातच फ्रीजमध्ये जायला हवे. दुसऱ्या दिवशी कडेने दोन चमचे दूध सोडून, झाकण ठेवून, मधूनही वाफ येईपर्यंत गरम करावे.