वादळानंतर घर गळतंय? डांबर नंतर, आधी भोक शोधा

रात्री वावधान सुटतं, पत्रे थडथड वाजतात, तासाभरात पाऊस ओसरतो. पण घरातल्या पातेल्यात टपटप चालूच राहते. मराठवाड्यात मृगाच्या आधीच्या वळवात अनेक घरांची हीच गत होते. अशा वेळी दोन चुका हमखास होतात. काही जण पावसातच शिडी लावून वर चढतात. काही जण दुसऱ्या दिवशी, पाणी जिथे टपकत होतं त्याच्या बरोबर वर डांबर फासतात. पहिली चूक जिवावर बेतते. दुसरीत पैसे जातात आणि गळती तशीच राहते.

रात्रीच करायचं ते

लाइट गेली असली तरी मेन स्विच बंद करा. वादळात गेलेली लाइट अचानक येते आणि ओल्या बोर्डातून, ओल्या भिंतीतून करंट उतरतो. मेन स्विचच ओला असेल किंवा तिथवर पाण्यातून जावं लागत असेल, तर हात लावू नका. १९१२ या नंबरवर महावितरणला कळवा. पत्र्यावर तार पडलेली दिसली तर लोखंडी दार-खिडकीलाही शिवू नका.

मग धान्याची पोती, अंथरूण-पांघरूण आणि कागदपत्रं कोरड्या बाजूला हलवा. पोती फरशीवर न ठेवता फळीवर किंवा विटांवर ठेवा. टपकत्या जागेजवळ खिळा असेल तर त्याला सुतळी बांधून तिचं खालचं टोक बादलीत सोडा. पाणी सुतळीवरून गुपचूप उतरतं, शिंतोडे उडत नाहीत, आणि लेकरांना झोप लागते. स्लॅबचं प्लास्टर फुगलेलं दिसलं तर त्याखाली कुणालाही झोपवू नका.

उजाडल्यावर

काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आतून आणि बाहेरून.

पत्र्याचं घर असेल तर ऊन पडल्यावर दारं-खिडक्या लावून खोलीत अंधार करा. वर पाहिलं की भोकं चांदण्यांसारखी चमकतात. प्रत्येक ठिकाणी आतून खडूची खूण करा आणि ती जागा भिंतीपासून किती फुटांवर आहे ते मोजून ठेवा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने किंवा लोखंडी अँगलवरून घरंगळत येतं आणि अडथळा लागला की टपकतं. म्हणून भोक बहुतेक वेळा उताराच्या वरच्या बाजूला असतं. आमच्या गावाकडच्या घरात आम्ही तीन वर्षं स्वयंपाकघराच्या एकाच कोपऱ्यावर डांबर ओतलं. शेवटी सापडलं ते सहा फूट वर, आढ्याजवळच्या एका बोल्टाखाली. उन्हाने रबरी वॉशर कडक होऊन फाटला होता. नखाने उचकटला तर त्याचा चुरा झाला.

पत्रा पूर्ण वाळल्यावरच वर जा, आणि खाली एक माणूस उभा ठेवा. बोल्टांच्या ओळीवरून चाला, कारण तिथे खाली आधार असतो. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका. आडवी फळी टाकून तिच्यावरूनच सरका.

सैल झालेला बोल्ट काढून नवा बोल्ट आणि नवा वॉशर बसवा. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर हवा. खोलगट भागात मारला तर पाणी तिथूनच शिरतं. बारीक भोकाभोवतीचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून, पुसून सीलंट भरा. नुसतं डांबर आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात तडकतं. नवा पत्रा टाकताना वरचा पत्रा खालच्यावर किमान सहा इंच चढवा.

आणि पत्र्यावरचे दगड कृपा करून काढा. वादळात पत्र्यासोबत ते दगडही उडतात आणि घरातल्या किंवा शेजारच्या माणसावर पडतात. त्या जागी इंग्रजी ‘J’ च्या आकाराचे हुक लावून पत्रा अँगलला आवळा.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर ताडपत्री टाका, पण ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर दोन-तीन फूट न्या. आढ्याच्या अलीकडेच संपवली तर पाणी तिच्याखाली शिरतं.

स्लॅब असेल तर आधी पाण्याच्या पाइपचं तोंड मोकळं करा. पाला, कॅरीबॅग, कबुतरांचं घरटं यानेच निम्मी गळती सुरू होते. दहा बाय दहाच्या स्लॅबवर दोन इंच पाणी साचलं तर त्याचं वजन साडेचारशे किलोच्या वर जातं. मग कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा तपासा. गवंडी तिथे वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर कोपरा, मारतात; तोच बहुधा फुटलेला असतो. तडा छिन्नीने थोडा रुंद करून, धुऊन, वॉटरप्रूफिंग केमिकल घातलेला माल भरा. स्लॅब ओला असताना वरून कोटिंग मारलं तर ते पापड्या धरून सुटतं. गज उघडे पडून गंजले असतील तर मात्र इंजिनिअरला दाखवा.

माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या घराला जास्त जपावं लागतं. गळलं की वरून पांढरी माती टाकायची, ही जुनी रीत. पण दरवर्षी थरावर थर चढवला की छताचं वजन वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं यांनीच माणसं गाडली. म्हणून जुना थर खरवडून काढा, मगच नवी माती टाकून चोपा आणि पन्हाळीकडे उतार द्या. तुळईची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे काठीने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला किंवा तुळई वाकलेली दिसली, तर माती टाकणं थांबवा आणि खोली रिकामी करा.

घराचं मोठं नुकसान झालं असेल तर तलाठ्याला त्याच दिवशी कळवून पंचनाम्याची मागणी करा, ग्रामसेवकालाही सांगा. फोटो, घराचा नमुना ८ चा उतारा, आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स काढून ठेवा. फाटलेले, मुडपलेले पत्रे पंचनामा होईपर्यंत अंगणातच राहू द्या. भंगारवाला दारात आला तरी देऊ नका.