एआय सेफ्टीच्या रिसर्चला ग्रँट कशी मिळवायची: मराठवाड्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी

नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगरच्या कॉलेजांत एआयवर काम करणारी पोरं-पोरी आणि सर-मॅडम आता कमी नाहीत, पण ग्रँटचं नाव काढलं की "ते आयआयटीवाल्यांचं काम हाय" म्हणून विषय तिथंच संपतो. तसं नाहीये. एआय सुरक्षित आणि भरवशाचं कसं करायचं या संशोधनाला बाहेर पैसा आहे, भारतातही यायलाय, आणि आपल्याकडं असे प्रश्न आहेत जे दिल्ली-बंगळुरूत बसून दिसतच नाहीत. आपली खरी ताकद तीच आहे, म्हणून सुरुवात फॉर्म भरण्यापासून करू नका, प्रश्नापासून करा.

आधी प्रश्न पक्का करा

"एआय सेफ्टीवर काम करायचंय" हा नुसता विषय झाला. ग्रँट देणाऱ्याला कळायला पाहिजे की कोणतं मॉडेल (म्हणजे चॅटबॉटच्या मागचा एआय), कोणत्या वापरात, नेमकं काय चुकतं, त्यानं कुणाचं नुकसान होतं आणि तुम्ही ते मोजणार कसं.

एक उदाहरण घेऊ, आपल्या शिवारातलंच. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग, पांढरी माशी तो पसरवते, त्यामुळं बुरशीनाशक मारून काही उपयोग नाही, रोगट झाडं उपटून नष्ट करायची आणि पांढरी माशी आवरायची. आता हाच प्रश्न एखाद्या चॅटबॉटला तीन तऱ्हेनं विचारा. एकदा इंग्रजीत. एकदा पुस्तकी मराठीत, "सोयाबीनची पाने पिवळी पडत आहेत, उपाय सांगा." आणि एकदा शेतकरी बोलतो तसं, "सोयाबीन पिवळं पडायलंय, पानावर चट्टे हायेत, काय फवारू?" तिन्ही उत्तरं सारखी येतात का? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पानं पिवळी पडायची कारणं बरीच असतात, लोहाची कमतरता असते, रानात पाणी साचलेलं असतं, मग मॉडेल आधी चार गोष्टी विचारून घेतं का थेट औषधाचं नाव आणि डोस सांगून मोकळं होतं? खात्री नसताना खात्रीनं बोलणं हा एआय सेफ्टीतला मोठा प्रश्न आहे आणि तो आपल्याकडं थेट शेतकऱ्याच्या खिशाशी येऊन भिडतो.

भाषेचा मुद्दा हवेतला नाहीये. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी धोकादायक प्रश्न झुलू, स्कॉट्स गेलिक अशा इंटरनेटवर कमी मजकूर असलेल्या भाषांत भाषांतर करून जीपीटी-४ ला (चॅटजीपीटीच्या मागचं एक मॉडेल) विचारले, आणि अशा भाषा मिळून ७९ टक्के वेळा मॉडेलचं संरक्षण मोडलं, म्हणजे नकार द्यायचा तिथं त्यानं उत्तर दिलं, तेच प्रश्न इंग्रजीत विचारले तेव्हा एक टक्काही नाही. मराठीत, त्यातही मराठवाडी बोलीत काय होतं, हे तपासायला आपल्याहून योग्य माणूस कोण?

मग छोटा पायलट (नमुन्यादाखल चाचणी) करा, ग्रँटच्या आधी

अर्जातला सगळ्यात वजनदार भाग हाच असतो आणि त्याला पैसे जवळपास लागत नाहीत. पन्नास-साठ प्रश्न गोळा करा, प्रत्येक प्रश्न वरच्यासारखा तीन रूपांत लिहा, दोन-तीन मॉडेलना विचारा, आणि एकच प्रश्न पाच वेळा विचारा कारण उत्तर दर वेळी बदलू शकतं आणि ते बदलणंसुद्धा मोजायचंय. तपासणीचे निकष मात्र उत्तरं बघायच्या आधी लिहून ठेवा: बरोबर, अर्धवट, चूक, धोकादायक, आणि "माहीत नाही, तज्ज्ञाला दाखवा" असं म्हणालं का. दोन जणांनी वेगवेगळं तपासायचं, कोणतं उत्तर कोणत्या मॉडेलचं हे त्यांना कळू द्यायचं नाही, आणि दोघांचं किती ठिकाणी जुळलं तो आकडा अर्जात टाकायचा. शेतीचा विषय असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठातले किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातले जाणकार तपासायला सोबत घ्या, कॉम्प्युटरवाल्यांनी एकट्यानं औषधाचा डोस बरोबर का चूक ठरवू नये.

पैसा कुठून येतो

देशातलं आधी सांगतो. इंडियाएआय मिशन मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं, १०,३७२ कोटींच्या आसपास, आणि त्यात सुरक्षित व विश्वासार्ह एआय हा वेगळा भाग आहे. त्याखाली पहिल्या फेरीत मशीन अनलर्निंग (मॉडेल शिकलेलं काही विसरायला लावणं), बायस म्हणजे पक्षपात कमी करणं, ऑडिटिंग म्हणजे मॉडेलची तपासणी असल्या विषयांवरचे प्रोजेक्ट निवडले, त्यात पुण्याची डीआयएटी (संरक्षण खात्याची तंत्रज्ञान संस्था) आहे आणि रायपूरची एनआयटीसुद्धा आहे, म्हणजे फक्त जुन्या आयआयटींनाच मिळतं हा समज सोडा. दुसरं, एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला पैसे देणारी, जुन्या एसईआरबीच्या जागी आलेली केंद्र सरकारची संस्था, तिथं नवीन प्राध्यापकांसाठी अर्ली करिअर ग्रँट आहे. जीपीयू (मॉडेल चालवायला लागणाऱ्या ताकदवान चिपा) पाहिजेत तर इंडियाएआयच्या कॉम्प्युट पोर्टलवर सवलतीत मिळतात, ते बघितल्याशिवाय बजेटमध्ये मशीन खरेदी लिहू नका.

बाहेरचं म्हणाल तर ओपन फिलान्थ्रॉपी (२०२५ च्या शेवटी त्यांनी नाव बदलून कोएफिशियंट गिव्हिंग केलं) या क्षेत्रातली मोठी देणगीदार संस्था, २०२५ मध्ये त्यांनी टेक्निकल एआय सेफ्टीसाठी ४ कोटी डॉलरच्या आसपासचं आवाहन काढलं होतं आणि पहिल्या टप्प्यात तीनशेएक शब्दांचाच मजकूर मागितला होता. लाँग-टर्म फ्यूचर फंड एकट्या माणसालाही ग्रँट देतो. ब्रिटनच्या एआय सिक्युरिटी इन्स्टिट्यूटचा अलाइनमेंट प्रोजेक्ट आहे, एआय माणसाला पाहिजे तसंच वागावं यावरच्या संशोधनासाठी. प्रत्येकाचा कल वेगळा असतो, त्यामुळं आधी कुणाला पैसे दिलेत ती यादी वाचा आणि मगच अर्ज लिहा, एकच मजकूर दहा ठिकाणी पाठवला की लगेच ओळखू येतं.

अर्ज लिहिताना

पहिल्या परिच्छेदात "एआय आज सर्व क्षेत्रांत क्रांती घडवत आहे" असं काही नको, वाचणाऱ्यानं ते हजारदा वाचलंय. थेट पायलटमधलं एक उत्तर टाका, शेतकऱ्याचा प्रश्न, मॉडेलचं चुकीचं उत्तर, आणि बरोबर काय होतं. मग सहा महिन्यांत काय करणार, शेवटी काय हातात येणार (प्रश्नसंच, कोड, पेपर), आणि काय दिसलं तर तुमचा अंदाज चुकला असं मानाल, हेही लिहा. हे शेवटचं फार कमी जण लिहितात आणि त्यानंच विश्वास बसतो. तुमच्या प्रश्नसंचाचा कुणी गैरवापर करू शकेल का, याचंही दोन ओळींत उत्तर असू द्या, कारण संरक्षण मोडायच्या युक्त्या जशाच्या तशा उघड करणं बरोबर नाही.

बजेट खरं लिहा. सरकारी प्रोजेक्टमध्ये जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलो) महिन्याला ३७,००० रुपये अधिक घरभाडं असा दर ठरलेला आहे, तोच धरा. उत्तरं तपासणाऱ्यांचं मानधन, मॉडेलच्या एपीआयचा (प्रोग्रॅममधून मॉडेल वापरायचा) खर्च, गावोगावी फिरायचा खर्च वेगवेगळा दाखवा. प्रश्न सांगणाऱ्या शेतकऱ्यांनाही त्यांच्या वेळेचे पैसे द्या, ते फुकटात धरू नका, मला हे मनापासून वाटतं.

परदेशी पैशाचं आधी विचारून घ्या

इथं बरेच जण अडकतात. संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर सहसा एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी किंवा सरकारची आगाऊ परवानगी लागते आणि पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाहीत, म्हणजे "ओळखीच्या एनजीओच्या खात्यातून घेऊ" हा रस्ता बंद आहे. स्कॉलरशिप, स्टायपेंड अशा पैशाला कायद्यात सूट आहे, पण तुमची ग्रँट त्यात बसते का आणि टॅक्स किती, हे या कामातल्या सीएला अर्ज करायच्या आधीच विचारा. कॉलेजमधून अर्ज करत असाल तर प्राचार्यांची सही, ओव्हरहेडचा (संस्थेच्या खर्चापोटी कापायचा) वाटा आणि पैसा कुणाच्या सहीनं निघणार हे लेखी घ्या, मंजुरी आल्यावर यावरून भांडणं होतात आणि सहा महिने तिथंच जातात.

नकार आला तर

नकार येतातच. कारण कळवलं नसेल तर नम्रपणे एकदा मेल करून विचारा, काही जण सांगतात. तोवर पायलट वाढवा, आकडे आणि प्रश्नसंच उघडपणे टाका, एखाद्या वर्कशॉपला छोटा पेपर पाठवा, आणि पुढच्या फेरीत तोच प्रश्न नव्या पुराव्यासकट पुन्हा मांडा.