क्लच पेडलची थरथर

क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) बदलला आणि पेडल थरथरायला लागलं. गाडी थंड असताना काही नाही. घाटात इंजिन तापलं की तळपायाला मुंग्या आल्यासारखं. ऑइलच्या लाइनमध्ये हवा राहिली असेल म्हणून ती काढायला दोनदा ब्लीडिंग केलं, डॉट ४ ब्रेक ऑइल वाया गेलं.

शेवटी गाडी गरम असतानाच, पेडलला पाय न लावता, हवा काढायचा ब्लीड निपल किंचित सैल केला. ऑइल चिळकांडीसारखं उडालं! (चष्मा लावाच.) म्हणजे लाइनमध्ये दाब अडकलेला. पेडलपासून पिस्टनला ढकलणारा पुशरॉड लांब राहिल्यानं पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, तापून फुगलेलं ऑइल टाकीत परतायचं भोक झाकलेलंच. त्यामुळे क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं, त्याचीच थरथर पायापर्यंत. लॉकनट सोडून पुशरॉड आखूड केला, पेडलला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल दिली. थरथर गेली.